टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर खरा की खोटा, हे प्रकाश टाकून कसं ओळखतात?

जून २०२०. लॉकडाऊनचे दिवस. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं आणि त्याचे फोटो मोबाईलवर धडाधड फिरायला लागले. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं प्रदूषण, कुणी म्हणालं शेवाळ. रंग सगळ्यांना दिसत होता, कारण कुणालाच माहीत नव्हतं.

मग वनविभागाने पाण्याचे नमुने घेतले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. नमुना स्थिर ठेवल्यावर गुलाबी थर खाली बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यातल्या जीवांचा होता.

एखादी गोष्ट दिसणं वेगळं आणि ती का दिसते हे सिद्ध होणं वेगळं. फिजिक्समध्ये सध्या हाच प्रश्न एका मोठ्या शोधाला पडलाय. त्या शोधाचं नाव टोपोलॉजिकल सुपरकंडक्टर. भविष्यातले क्वांटम कॉम्प्युटर याच पदार्थांवर चालतील, असं सांगणाऱ्या पोस्ट अधूनमधून व्हायरल होतात. पण असा पदार्थ खरंच सापडलाय का, हे शास्त्रज्ञ तपासतात कसं? त्यासाठीचं एक महत्त्वाचं तंत्र म्हणजे फोटोएमिशन स्पेक्ट्रोस्कोपी. सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी सुपरकंडक्टर म्हणजे काय?

साध्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंना धडकत जातात. तार गरम होते आणि थोडी वीज वाया जाते. यालाच रोध म्हणतात.

१९११ मध्ये नेदरलँड्सचे हाइके कामरलिंग ओनेस यांनी पारा सुमारे ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे जवळपास उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला. तेव्हा त्याचा रोध एकदम नाहीसा झाला. अशा पदार्थांना सुपरकंडक्टर किंवा मराठीत अतिसंवाहक म्हणतात.

असं का होतं, याचं उत्तर १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी दिलं. थंड झाल्यावर इलेक्ट्रॉन जोड्या करतात आणि सगळ्या जोड्या एका तालात चालतात. शेगावहून पंढरपूरला निघालेली दिंडी आठवा. बाजाराच्या गर्दीत एकटा माणूस धक्के खात जातो, दिंडी मात्र एका लयीत पुढे सरकते.

ही जोडी तोडायची तर किमान काही ऊर्जा द्यावी लागते. या किमान ऊर्जेमुळे पदार्थात एक रिकामा पट्टा तयार होतो, जिथे एकटा इलेक्ट्रॉन सापडत नाही. शास्त्रज्ञ त्याला गॅप म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

मग टोपोलॉजिकल म्हणजे?

टोपोलॉजी ही गणिताची शाखा. वस्तू कितीही ताणली किंवा वाकवली तरी जे बदलत नाही, त्याचा ती अभ्यास करते. टोपोलॉजीच्या नजरेत बांगडी आणि मेदूवडा सारखेच, कारण दोघांच्या मध्ये एक भोक आहे. भाकरी मात्र वेगळी. भाकरी फाडल्याशिवाय तिची बांगडी होणार नाही.

काही पदार्थांमधल्या इलेक्ट्रॉनच्या रचनेतही असाच न पुसला जाणारा गुण असतो. त्याचा परिणाम पृष्ठभागावर दिसतो. बिस्मथ सेलेनाइड या पदार्थाचं उदाहरण घ्या. तो आतून विजेचा अवाहक असायला हवा, पण त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन धावतात. वर ते धावतात तेही शिस्तीत. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुणधर्म असतो आणि इथे धावण्याची दिशा बदलली की स्पिनची दिशाही बदलते. अशा पदार्थांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात.

आता हे शिस्तीत धावणारे पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉनच सुपरकंडक्टर झाले तर? २००८ मध्ये लियांग फू आणि चार्ल्स केन या शास्त्रज्ञांनी कागदावर गणित मांडून दाखवलं, की अशा ठिकाणी मायोराना नावाच्या विलक्षण अवस्था तयार होऊ शकतात. एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये एका अशा कणाची कल्पना मांडली होती, जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो. पुढच्याच वर्षी तो बेपत्ता झाला. पदार्थातल्या या अवस्थांना त्याचं नाव मिळालं.

क्वांटम कॉम्प्युटरमधली माहिती फार नाजूक असते. जराशा धक्क्याने ती बिघडते. मायोराना अवस्थांमध्ये ती माहिती दोन वेगवेगळ्या ठिकाणी विभागून ठेवता येईल आणि एका ठिकाणी धक्का बसला तरी ती टिकेल, अशी आशा आहे. म्हणूनच या पदार्थांच्या शोधात एवढा पैसा आणि एवढी माणसं गुंतली आहेत.

एवढा संशय का घेतला जातो?

कारण याआधी फसगत झाली आहे.

२०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात शोधनिबंध छापला. अतिसूक्ष्म तारेच्या विद्युत मोजमापात मायोरानाची स्पष्ट खूण सापडली, असा दावा होता. सर्गे फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मौरिक या दोन शास्त्रज्ञांनी मूळ आकडे मागून तपासले आणि प्रश्न उभे केले. मार्च २०२१ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला.

२०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून 'एलके-९९' आला. खोलीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर म्हणून तो सोशल मीडियावर गाजला. जगभरातल्या प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही पाहिला. सुपरकंडक्टिव्हिटी सापडली नाही. रोधात दिसलेली घट कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती, हे पुढे समोर आलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मायोराना १' नावाची चिप जाहीर केली. त्याच वेळी 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला. पण हे निष्कर्ष म्हणजे मायोराना अवस्था असल्याचा पुरावा नाही, असं त्या निबंधासोबतच्या परीक्षण दस्तऐवजात संपादकांनी नोंदवून ठेवलं होतं. व्हायरल पोस्टमध्ये ही ओळ फारशी दिसली नाही.

या तीन गोष्टी एकसारख्या नाहीत. एलके-९९ चा दावा वेगळ्याच पदार्थाचा होता. पण अडचण तिन्हीकडे एकच होती. विद्युत मोजमापात एखादी खूण दिसते आणि तीच खूण दुसऱ्या कारणानेही दिसू शकते. म्हणून पदार्थाच्या आतले इलेक्ट्रॉन थेट तपासणारं तंत्र लागतं.

फोटोएमिशन म्हणजे नेमकं काय करतात?

बारावीच्या फिजिक्समध्ये फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट असतो, तोच इथे वापरतात. धातूवर योग्य प्रकाश टाकला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. १८८७ मध्ये हाइनरिश हर्ट्झला हा परिणाम प्रयोगात दिसला. १९०५ मध्ये आइनस्टाइनने त्याचं स्पष्टीकरण दिलं आणि १९२१ चं नोबेल त्यालाच मिळालं.

हे विहिरीच्या उदाहरणाने समजून घेऊ. विहिरीत बेडूक आहेत. काही पाण्याच्या वरच, काही खोलवर. प्रत्येकाला तुम्ही अगदी सारखाच धक्का दिलात. पाण्यापासून कठड्यापर्यंत येण्यात काही ऊर्जा सगळ्यांचीच खर्च होईल. जो खोलवर होता त्याची जास्त होईल. बाहेर आल्यावर कोण किती वेगात आहे हे मोजलं, की तो किती खोल होता हे सांगता येतं.

आता आकडे घालून बघू. प्रकाशाच्या एका कणात ७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा आहे. कठडा ओलांडायला ४.३ लागतात असं धरू. बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनकडे २.६ उरले. हिशोब सोपा: ७ मधून ४.३ आणि २.६ वजा केले की ०.१ राहतात. म्हणजे तो इलेक्ट्रॉन ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल होता.

नुसती खोली पुरत नाही. इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात बाहेर पडला हेही मोजतात. बाहेर येताना त्याचा पृष्ठभागाला समांतर असलेला संवेग टिकून राहतो. म्हणून कोनावरून तो पदार्थाच्या आत कोणत्या दिशेने आणि किती संवेगाने चालला होता, हे कळतं. ऊर्जा आणि कोन दोन्ही मोजणाऱ्या या पद्धतीला इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'आर्पेस' म्हणतात.

लाखो इलेक्ट्रॉनची अशी मोजणी केली की पदार्थातल्या इलेक्ट्रॉनचा नकाशा तयार होतो. बिस्मथ सेलेनाइडच्या नकाशात पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन इंग्रजी एक्स अक्षरासारखे दिसतात. २००९ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी हा एक्स दाखवला आणि तो पदार्थ प्रसिद्ध झाला.

हे मोजणं इतकं अवघड का?

पहिली अडचण स्वच्छतेची. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन पदार्थाच्या अगदी वरच्या काही थरांतूनच निसटू शकतात. त्यामुळे पृष्ठभागाचा अभ्यास उत्तम होतो, पण पृष्ठभागावर हवेतले अणू चिकटले की सगळं बिघडतं. म्हणून प्रयोग जवळजवळ संपूर्ण निर्वातात होतो. स्फटिकही निर्वातातच फोडतात. त्याच्या डोक्यावर एक छोटी दांडी चिकटवायची आणि आत गेल्यावर ती ठोकून पाडायची. दांडीबरोबर वरचा थर निघतो आणि खाली कोरा पृष्ठभाग मिळतो. काही स्फटिकांना चिकटपट्टी लावूनही काम भागतं.

दुसरी अडचण तापमानाची. सुपरकंडक्टरची गॅप अतिशय लहान असते, साधारण एका इलेक्ट्रॉनव्होल्टचा हजारावा भाग किंवा थोडी जास्त. खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेची चुळबुळच त्याच्या २५ पट असते. म्हणून द्रवरूप हेलियमने नमुना थंड करावा लागतो.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. त्यासाठी खास लेझर, हेलियमचा दिवा किंवा सिंक्रोट्रॉन वापरतात. सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉनना मोठ्या कड्यात प्रचंड वेगाने फिरवतात आणि वळताना ते तीव्र प्रकाश सोडतात. बुलढाण्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागते. त्याच मध्य प्रदेशात, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात भारताचे दोन सिंक्रोट्रॉन आहेत. इंडस-१ हा देशातला पहिला. इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर आहे. देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक प्रस्ताव पाठवून तिथे प्रयोगाची वेळ मिळवतात.

महाराष्ट्रात यावर काय काम झालंय?

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, कालोबरन मैती यांचा गट फोटोएमिशनवर काम करतो. टोपोलॉजिकल पदार्थांच्या पृष्ठभागाची मोजमापं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळी यायची. कुठे वेळ गेल्यावर खूण फिकट व्हायची, कुठे उलट गडद. २०१५ मध्ये या गटाने बिस्मथ सेलेनाइडवर काम प्रसिद्ध केलं. स्फटिक फोडल्यावर वर कोणता थर उघडा पडतो आणि त्यावर बाहेरचे अणू कसे बसतात, यावर नकाशा कसा बदलतो, याचा शोध त्यात होता. पदार्थ तोच असला तरी कोणता पृष्ठभाग तुमच्या समोर आलाय यावर उत्तर बदलतं, हा त्यातला धडा.

याच संस्थेतला दुसरा शोध बिस्मथचाच. एस. रामकृष्णन, ए. थमिळवेल आणि सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे एका केल्विनच्या सुमारे दोन हजाराव्या भागापर्यंत थंड केला. तिथे तो सुपरकंडक्टर झाला. हा शोध 'सायन्स'मध्ये छापून आला. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. एवढ्या कमी इलेक्ट्रॉनमध्ये जोड्या जमतात कशा, हे १९५७ च्या सिद्धांताने सरळ सांगता येत नाही.

मग या बिस्मथची गॅप आर्पेसने का बघत नाहीत? कारण आर्पेसची यंत्रं साधारण एका केल्विनच्या आसपास थांबतात आणि ही गॅप त्याहून कितीतरी खालच्या तापमानाला उघडते. यंत्राला काय दिसतं याइतकंच यंत्राला काय दिसत नाही, हेही माहीत असावं लागतं.

आतापर्यंतचा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता?

लोह, टेल्युरियम आणि सेलेनियम यांच्या एका मिश्रणाचा. हा पदार्थ १४.५ केल्विनला सुपरकंडक्टर होतो. २०१८ मध्ये जपान आणि चीनच्या संशोधकांनी लेझर आर्पेसने त्याचा पृष्ठभाग तपासला आणि 'सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले.

त्यांना तीन गोष्टी दिसल्या. एक, नकाशात टोपोलॉजिकल पदार्थाचा ओळखीचा एक्स होता. दोन, त्याच्या दोन बाजूंना इलेक्ट्रॉनचे स्पिन उलट दिशांना होते. तीन, पदार्थ सुपरकंडक्टर होताच त्याच पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनमध्ये सुमारे १.८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅप उघडली. तापमान वाढवल्यावर ती मिटली. तिन्ही खुणा एकाच पदार्थात, एकाच पृष्ठभागावर मिळाल्या म्हणून या प्रयोगाला वजन आलं.

२०२४ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गटाने प्लॅटिनम आणि बिस्मथच्या संयुगात आणखी वेगळं चित्र दाखवलं. तिथे सुमारे १० केल्विनला फक्त पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन सुपरकंडक्टर होत होते, आतले नाही.

म्हणजे मायोराना सापडला?

नाही. इथेच गल्लत होते.

आर्पेस सांगतं की जमीन योग्य आहे. पीक उगवलं का, हे ते सांगत नाही. मायोराना अवस्था काही नॅनोमीटरच्या जागेत असतात. पदार्थावर चुंबकीय क्षेत्र लावल्यावर तयार होणाऱ्या भोवऱ्यांच्या मधोमध त्या शोधाव्या लागतात. आर्पेसचा प्रकाश त्याहून खूप मोठ्या भागावर पडतो आणि सगळ्याची सरासरी देतो. शिवाय चुंबकीय क्षेत्र लावलं की बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनचा मार्गच वाकतो आणि कोनाचं मोजमाप बिघडतं.

त्यासाठी दुसरं यंत्र लागतं. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची अणुएवढी टोकदार सुई एकेका भोवऱ्यावरून फिरवतात. लोह-टेल्युरियम-सेलेनियममध्ये २०१८ मध्येच चिनी संशोधकांना भोवऱ्यांच्या मध्यावर हवी तशी खूण मिळाली. पण २०१९ मध्ये जपानच्या गटाने जास्त भोवरे तपासले, तेव्हा ती काही भोवऱ्यांत होती आणि काहींत नव्हती. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की खूण दाखवणारे भोवरे कमी व्हायचे. त्यामुळे चर्चा अजून चालू आहे.

हे नवीन नाही. तांबं मिसळलेल्या बिस्मथ सेलेनाइडच्या बाबतीतही असंच झालं. आर्पेसमध्ये एक्स दिसला, एका विद्युत मोजमापात आशादायक खूण मिळाली आणि २०१३ मध्ये सुईच्या यंत्राला मात्र नेहमीच्या सुपरकंडक्टरसारखीच गॅप दिसली.

पुढची पोस्ट व्हायरल झाली की काय बघायचं?

लोणारचा खड्डाही आधी ज्वालामुखीचा मानला जायचा. तो गोल होता, पण नुसत्या गोल आकाराने काही ठरत नव्हतं. १९७३ मध्ये सरोवराच्या तळातून काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली. ती प्रचंड धक्क्याशिवाय तयार होत नाही. मग उल्केच्या आघाताची बाजू पक्की झाली. टोपोलॉजिकल सुपरकंडक्टरला अशी एकच निर्णायक खूण अजून मिळालेली नाही. म्हणून वेगवेगळ्या यंत्रांच्या साक्षी जुळवाव्या लागतात.

तेव्हा 'मायोराना सापडला' अशी बातमी आली, तर चार प्रश्न विचारा:

• मोजमाप कोणतं होतं? नुसतं विद्युत, की इलेक्ट्रॉनचा नकाशाही?

• तापमान वाढवल्यावर गॅप मिटली का? न मिटली तर ती सुपरकंडक्टिव्हिटीची नसेलही.

• दुसऱ्या प्रयोगशाळेला, दुसऱ्या स्फटिकात तेच मिळालं का?

• मूळ आकडे सगळ्यांना तपासायला खुले आहेत का?

आणि बातमी वाचून ज्याला यातच शिरावंसं वाटतं, त्याच्यासाठी रस्ताही आहे. बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथून फिजिक्समध्ये बीएस्सी केल्यावर 'जॅम' परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. पीएचडीसाठी टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, शिवाय 'जेस्ट' आणि 'गेट' आहेतच. आर्पेसच्या प्रयोगशाळेत स्फटिक वाढवणारे, निर्वात यंत्रणा सांभाळणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे आणि गणित करणारे असे सगळेच लागतात.

लोणारच्या गुलाबी पाण्याचं कोडं सुटायला आठवडे लागले. इथे वर्षं लागतील. तोवर 'पुरावा मिळाला' आणि 'सिद्ध झालं' या दोन वाक्यांतला फरक लक्षात ठेवला, तरी पुढची व्हायरल पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी बोट जरा थांबेल.